बायोडिझेल आणि डिझेल इंजिनाचा पंप
दीर्घकालीन वापराचे परिणाम : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

बालाघाटच्या पठारावर वसलेला धाराशिव जिल्हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा आहे. २०२३ पूर्वी उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन, तूर, उडीद आणि रब्बीला ज्वारी, हरभरा ही पिके घेतली जातात. पाण्याची सोय आहे तेथे ऊस उभा असतो. नांगरणी, पेरणी, मळणी, ऊसवाहतूक आणि टंचाईच्या दिवसांतील टँकरचा पाणीपुरवठा ही कामे आज डिझेल इंजिनावर अवलंबून आहेत. विहिरीवरील ऑईल इंजिनांची जागा विजेच्या आणि अलीकडे सौर पंपांनी बरीचशी घेतली आहे. तथापि ट्रॅक्टर, टँकर, मळणीयंत्र आणि दवाखान्याच्या अथवा पाणीपुरवठा योजनेच्या आवारातील जनित्र यांचे काम अद्याप डिझेलवाचून चालत नाही.

तेलबिया पिकविणाऱ्या प्रदेशात त्याच तेलावर इंजिन चालविता येईल काय, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट सुचविलेले आहे. म्हणजे बायोडिझेल ही प्रयोगशाळेपुरती गोष्ट राहिलेली नाही. अशा वेळी शेतकरी, यंत्रचालक आणि ग्रामपंचायत यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो : हे इंधन वर्षानुवर्षे वापरल्यास इंजिनाच्या सर्वांत नाजूक आणि महागड्या भागावर, म्हणजे इंधनपंपावर, काय परिणाम होतो? या प्रश्नाचे उत्तर इंधनाच्या नावावर अवलंबून नाही. ते इंधन कसे तयार झाले, किती दिवस साठविले गेले आणि यंत्र किती काळ बंद राहिले, या तीन गोष्टींवर ते अवलंबून आहे.

पंपाचे कार्य

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी नसते. दट्ट्याने दाबलेली हवा इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच ते पेट घेते. हा फवारा योग्य क्षणी, योग्य मापाने आणि मोठ्या दाबाने पाठविणे हे इंधनपंपाचे काम होय. आपल्याकडील बहुसंख्य जुन्या ट्रॅक्टरांच्या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर आणि त्याचे बॅरल अशी जोडी असते. कारागीर तिला ‘एलिमेंट’ म्हणतात. प्लंजरच्या अंगावरील तिरकस खाच आणि त्याला फिरविणारा रॅक यांच्या योगे डिझेलचे माप कमी-जास्त होते. तेथून डिलिव्हरी व्हॉल्व्हमधून निघालेले इंधन नोझलपर्यंत पोहोचते. या जातीच्या पंपांत नोझल साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोच्या आसपास दाबाने उघडते; आधुनिक कॉमन रेल यंत्रणेत हा दाब त्याच्या कित्येक पट असतो.

प्लंजर आणि बॅरल यांच्यातील फट अवघी दोन ते चार मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन धरली तर या फटीची कल्पना येईल. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक प्लंजर मिनिटाला ७५० वेळा वरखाली होतो. तासाला ४५ हजार आणि हजार तासांत साडेचार कोटी वेळा. एवढ्या घर्षणात या जोडीला वंगण मिळते ते दुसऱ्या कोणत्याही तेलाचे नव्हे, तर त्यातून जाणाऱ्या इंधनाचेच. रोटरी पंपात तर आतील सर्वच भागांना इंधनाचेच वंगण असते. यास्तव इंधनातील लहानसा दोषही प्रथम पंपाला जाणवतो, इंजिनाला नंतर.

तेल आणि बायोडिझेल यांतील भेद

वनस्पती तेलावर डिझेल इंजिन चालते ही गोष्ट नवी नाही. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. परंतु घाण्यातून निघालेले तेल आणि बायोडिझेल या दोन भिन्न वस्तू आहेत, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

४० अंश सेल्सिअस तापमानाला डिझेलची दाटी सुमारे २ ते ४.५ सेंटिस्टोक असते. सोयाबीन, करडई, सूर्यफूल अशा तेलांची दाटी ३० ते ४० सेंटिस्टोक, म्हणजे डिझेलच्या जवळजवळ दहापट असते. एवढे दाट तेल ढकलताना पंपावर ताण येतो, नोझलमधून बारीक फवारा पडत नाही आणि न जळलेले तेल नोझलच्या तोंडाशी कोळशाच्या रूपाने साठते. तेलातील दाटी काढून टाकण्यासाठी त्याची मिथेनॉल व अल्कली यांच्याशी रासायनिक क्रिया घडवून आणतात. शंभर किलो तेलाला सुमारे अकरा किलो मिथेनॉल लागते. त्यातून जवळपास शंभर किलो बायोडिझेल आणि सुमारे दहा किलो ग्लिसरीन मिळते. ग्लिसरीन वेगळे करून, राहिलेले मिथेनॉल, साबण आणि पाणी काढून टाकल्यावरच ते इंधन म्हणण्यास पात्र होते. त्याची दाटी ४ ते ५ सेंटिस्टोक इतकी खाली आलेली असते. १९३७ साली बेल्जियममध्ये या पद्धतीचे पेटंट देण्यात आले होते.

शुद्ध न केलेले तेल दीर्घकाळ वापरल्यास काय होते, याचा अनुभव १९८० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत घेण्यात आला. तेथे ट्रॅक्टर निव्वळ सूर्यफुलाच्या तेलावर चालविण्यात आले. प्रारंभी काही अडचण आली नाही. मात्र एक हजार तासांच्या कामानंतर ट्रॅक्टरची शक्ती ८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. नोझल आणि इंधनपंप बदलल्यावर ती पूर्ववत झाली. म्हणजे दोष इंजिनाच्या मुख्य अंगात नव्हता. इंधन पोहोचविणाऱ्या यंत्रणेत होता. पहिल्या आठवड्यात ट्रॅक्टर उत्तम चालला म्हणून ते तेल इंजिनाला मानवले, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा अनुभव ध्यानी ठेवावा.

पंपाला होणारा लाभ

बायोडिझेलचे सर्वच परिणाम हानिकारक नाहीत. एप्रिल २०१७ पासून देशभर डिझेलमधील गंधकाचे प्रमाण किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत आणि एप्रिल २०२० पासून १० मिलिग्रॅमपर्यंत उतरविण्यात आले. हवेच्या दृष्टीने हे आवश्यक होते. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधील नैसर्गिक वंगणगुणही कमी होतो आणि तो राखण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यात वंगण वाढविणारे द्रव्य मिसळावे लागते. बायोडिझेल हे स्वतःच उत्तम वंगण आहे. १ ते २ टक्के एवढ्या अल्प मिश्रणानेही डिझेलचा वंगणगुण लक्षणीय सुधारतो आणि प्लंजरची झीज कमी होते.

दीर्घकालीन वापराचाही एक आश्वासक दाखला उपलब्ध आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील बोल्डर शहरात नऊ प्रवासी बसगाड्यांचे दोन वर्षे निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी पाच गाड्यांना २० टक्के बायोडिझेलचे मिश्रण आणि चार गाड्यांना साधे डिझेल दिले जात होते. प्रत्येक गाडी सुमारे एक लाख मैल धावली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांच्या इंजिन देखभालीच्या खर्चात उल्लेखनीय फरक आढळला नाही. फिल्टर तुंबण्याचे काही प्रसंग मात्र घडले. भारतीय रेल्वेनेही ३१ डिसेंबर २००२ रोजी अमृतसर शताब्दी एक्सप्रेस ५ टक्के मिश्रणावर चालवून पाहिली होती.

या दाखल्यांतील एक गोष्ट महत्त्वाची आहे. बसगाडी दररोज धावते. तिच्या टाकीतील इंधन दोन दिवसांत संपते आणि ताजे भरले जाते. शेतीवरील यंत्राची स्थिती अशी नसते.

काळाचा परिणाम

घरातील तेलाचा डबा काही महिने उघडा राहिला तर तेल खवट होते आणि डब्याच्या तोंडाशी चिकट थर साचतो, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. जवसाचे तेल काचेवर पातळ पसरून ठेवले तर काही दिवसांनी ते चिकट होते आणि पुढे त्याचा कोरडा पापुद्रा बनतो; रंगकामात त्याचा उपयोग होतो तो याच गुणामुळे. शाळेत विज्ञानशिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करून दाखवावा. हवेतील प्राणवायू तेलाच्या रेणूंतील दुहेरी बंधांजवळ शिरकाव करतो, त्यातून प्रथम पेरॉक्साइडे, नंतर आम्ले आणि शेवटी राळेसारखे जड पदार्थ तयार होतात. बायोडिझेल तेलापासूनच झालेले असल्याने हा स्वभाव त्यातही उतरतो. सोयाबीनच्या तेलात अशा बंधांचे प्रमाण अधिक, म्हणून त्याचे बायोडिझेल लवकर बिघडते. करंजाच्या तेलात ते तुलनेने कमी असते.

उष्णता, प्रकाश, पाणी आणि तांबे यांच्या सान्निध्यात ही क्रिया वेग घेते. धाराशिवच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची टाकी त्याहून अधिक तापते. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीतील दमट हवेचे रात्री दव होते. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा कितीतरी अधिक पाणी स्वतःत सामावून घेते. या पाण्यामुळे बायोडिझेलचे पुन्हा आम्लांत रूपांतर होऊ लागते, लोखंडी भाग गंजतात आणि पाणी व इंधन यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतूंची वाढ होऊन शेवाळासारखा गाळ तयार होतो.

असे बिघडलेले इंधन पंपात गेल्यावर त्याचे परिणाम निरनिराळ्या भागांवर दिसून येतात. आम्लांमुळे तांबे, पितळ, जस्त आणि शिसे यांचे भाग खाल्ले जातात व त्यांचे क्षार फिल्टरमध्ये साठतात. राळेचा थर प्लंजर, रॅक आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह यांवर बसतो. यंत्र चालू असताना हा थर फारसा जाणवत नाही. पण ते दोन-तीन महिने उभे राहिले की थर घट्ट होतो आणि प्लंजर किंवा रॅक जागीच अडकतो. रॅक अधिक इंधनाच्या स्थितीत अडकला तर इंजिन सुरू होताच बेफाम वेग घेते. हा प्रकार चालकाच्या जिवाशी येऊ शकतो. पंपातील जुन्या पद्धतीच्या रबरी सील व नळ्या फुगतात किंवा मऊ पडून गळू लागतात. झिजलेल्या प्लंजरमधून झिरपणारे इंधन काही पंपांत इंजिन ऑईलमध्ये उतरते आणि ते पातळ करते. मग हानी पंपापुरती मर्यादित राहत नाही.

बॉश, डेन्सो, डेल्फी, कॉन्टिनेंटल आणि स्टॅनडाइन या पंप बनविणाऱ्या कंपन्यांनी २००९ साली संयुक्त निवेदन काढून याच दोषांकडे लक्ष वेधले होते. राहिलेले मिथेनॉल, पाणी, ग्लिसरीन, मुक्त आम्ले, घन कण आणि जुनेपणातून निर्माण होणारे पदार्थ ही त्यांनी दिलेली कारणे आहेत. यांतील पहिली पाच निष्काळजी उत्पादनातून व हाताळणीतून येतात, तर शेवटचे साठवणुकीतून. चांगल्या प्रतीच्या ताज्या बायोडिझेलच्या अल्प मिश्रणास त्यांचा विरोध नव्हता.

कृषिवर्ष आणि यंत्राची विश्रांती

या दृष्टीने जिल्ह्याच्या कृषिवर्षाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. उन्हाळ्यात नांगरणी, जून-जुलैत पेरणी, ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची मळणी आणि पुढे उसाची वाहतूक असा ट्रॅक्टरच्या कामाचा क्रम असतो. मधल्या काळात तो अनेक दिवस उभा राहतो. मळणीयंत्राचे इंजिन वर्षातून थोडेच आठवडे चालते. ग्रामपंचायतीच्या अथवा आरोग्य केंद्राच्या जनित्राची अवस्था याहून बिकट असते. वीज असेपर्यंत ते मुके उभे असते आणि वीज गेल्यावर मात्र ते तत्काळ सुरू व्हावे, अशी अपेक्षा असते. त्याच्या टाकीत वर्षभर तेच इंधन पडून राहते. प्रसूतिगृहातील दिवा किंवा गावाचा पाणीपुरवठा ज्या यंत्रावर अवलंबून आहे, त्याचा रॅक ऐन वेळी अडकणे परवडणारे नाही. सारांश, बायोडिझेलचे अधिक प्रमाणातील मिश्रण रोज चालणाऱ्या यंत्राला जितके सोसते, तितके अधूनमधून चालणाऱ्या यंत्राला सोसत नाही.

बिघाडाची पूर्वसूचना

पंप एका दिवसात निकामी होत नाही. फिल्टर नेहमीपेक्षा लवकर तुंबणे, इंजिन उशिरा सुरू होणे, मंद गतीत ते अडखळणे, ओढ कमी होणे, पांढरा अथवा काळा धूर वाढणे, पंपाच्या सांध्यांतून इंधन पाझरणे आणि इंजिन ऑईलची पातळी वाढून त्याला डिझेलचा वास येणे ही त्याची लक्षणे होत. टाकीतील इंधन गडद झाले असेल व त्याला खवट वास येत असेल, तर ते इंजिनात जाऊ देऊ नये.

बायोडिझेल प्रथमच वापरताना पहिल्या काही दिवसांत फिल्टर तुंबतो, याचा अर्थ इंधन वाईट आहे असा नेहमीच नसतो. बायोडिझेल जुन्या टाकीतील साचलेला मळ सोडवून पुढे आणते. हा मळ निघून गेल्यावरही फिल्टर वारंवार तुंबत राहिला, तर मात्र इंधनाची तपासणी आवश्यक ठरते.

घ्यावयाची दक्षता

१. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत किती टक्क्यांपर्यंतचे मिश्रण चालते ते पाहावे. त्यापेक्षा अधिक वापरल्यास कंपनीची हमी गमावण्याचा संभव असतो.

२. घाण्याचे तेल, तळणाचे गाळलेले तेल किंवा घरगुती पद्धतीने बनविलेले बायोडिझेल टाकीत ओतू नये. मिथेनॉल विषारी व अत्यंत ज्वालाग्राही आहे; घराच्या आवारात त्याची हाताळणी करणे धोक्याचे आहे.

३. शंभर टक्के बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे भारतीय मानक आहे. त्यात पाणी किलोमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा आणि मुक्त ग्लिसरीन ०.०२ टक्क्यापेक्षा अधिक नसावे, असे बंधन आहे. खरेदी करताना या मानकाचा दाखला आणि पावती मागावी.

४. मिश्रण शक्यतो ताजे वापरावे. साठवणूक करावी लागल्यास ती सावलीत, झाकणबंद टाकीत करावी. तांब्याच्या नळ्या, पितळी तोट्या व जस्ताचा मुलामा दिलेली पिंपे टाळावीत.

५. फिल्टरखालील व टाकीच्या तळाचे पाणी नियमितपणे काढावे. पावसाळ्यात काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दव धरण्यास जागा उरत नाही.

६. यंत्र महिना-दीड महिना उभे राहणार असेल, तर त्यापूर्वी टाकीतील मिश्रण संपवून ते काही तास पंपावरील नेहमीच्या डिझेलवर चालवावे. त्यामुळे पंपात आणि नोझलमध्ये अधिक बायोडिझेल पडून राहत नाही.

७. जनित्रासाठी अधिक प्रमाणातील मिश्रण वापरू नये. ते दर आठवड्यास थोडा वेळ भारासह चालवावे आणि त्याची नोंद वहीत ठेवावी.

८. पंप शेतात उघडू नये. धुळीचा एक कणही प्लंजरवर ओरखडा पाडण्यास पुरेसा असतो. सील तोडलेला पंप कॅलिब्रेशनच्या यंत्रावर बसवून माप घेतल्याशिवाय इंजिनावर चढवू नये.

कायदा आणि स्थानिक संस्था

धाराशिव जिल्ह्यातून सोलापूर–हैदराबाद आणि सोलापूर–धुळे हे दोन मोठे महामार्ग जातात. अशा मार्गांवर स्वस्त इंधनाचा मोह मालमोटारचालकांस आणि ट्रॅक्टरमालकांस पडणे शक्य आहे. केंद्र शासनाने ३० एप्रिल २०१९ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर टक्के बायोडिझेलची विक्री हायस्पीड डिझेलमध्ये मिसळण्यासाठीच करता येते. ‘बायोडिझेल’ या नावाने विकला जाणारा प्रत्येक द्रव बायोडिझेल असतोच असे नाही. औद्योगिक वापराचे हलके तेल त्या नावाखाली खपविले गेल्यास त्यात वंगणगुणाची हमी नसते आणि हानी मात्र बायोडिझेलच्या नावावर जमा होते. लिटरमागे वाचलेले काही रुपये पंपाच्या एका दुरुस्तीत निघून जातात. शिवाय पेरणीचे दिवस हातचे जातात, त्याची भरपाई कोणत्याही हिशेबात होत नाही.

कच्च्या मालाचा विचारही येथे प्रस्तुत आहे. सोयाबीनच्या बियात सुमारे १८ ते २० टक्के तेल असते. पण देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करीत असताना ते इंजिनात जाळणे हिताचे नाही. राष्ट्रीय धोरणाचा भर अखाद्य तेलबिया आणि वापरून झालेले तळणाचे तेल यांवर आहे. करंज हा मराठवाड्याच्या परिचयाचा वृक्ष आहे. तळणाच्या तेलातील ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेल्यास ते पुन्हा खाण्यासाठी वापरू नये, असा नियम २०१८ पासून अमलात आहे. तुळजापूरसारख्या यात्रास्थळी उपाहारगृहांत उरणारे असे तेल गोळा करून अधिकृत कारखान्याकडे पाठविण्याची व्यवस्था नगरपरिषद करू शकेल. त्यातून आरोग्य आणि इंधन असा दुहेरी लाभ होईल. तेच तेल गाळून थेट ट्रॅक्टरमध्ये घातले तर मात्र दोन्ही हेतू विफल होतील.

बायोडिझेल हे पंपाचे शत्रू नाही आणि ते निष्काळजीपणा खपवून घेणारे इंधनही नाही. प्रमाणित, ताजे आणि योग्य प्रमाणात मिसळलेले बायोडिझेल पंपाला वंगण देते. खवट झालेले, पाणी शिरलेले आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेले बायोडिझेल तोच पंप जाम करते. साध्या डिझेलच्या काळात टाकीकडे दुर्लक्ष केले तरी पुष्कळदा निभावून जात असे. नव्या इंधनाबरोबर ती सवलत संपली आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डिझेल मेकॅनिकचे शिक्षक, कृषी विभागाचे कर्मचारी आणि ग्रामपंचायतींचे सदस्य यांनी ही माहिती मृगापूर्वी गावोगावच्या यंत्रधारकांपर्यंत पोहोचविली, तर पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर बांधावर बंद पडण्याचे अनेक प्रसंग टळतील.